टपालावरील सेन्सॉरची मोहोर

आपल्या ज्ञातीच्या लष्करी सेवेचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे पदके व सनदा पुढे केल्या जातात. साताऱ्याकडील अनेक गावांत, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास येथून किती पुरुष गेले व किती कामी आले, हे सांगणाऱ्या शिळाही आहेत. परंतु त्या पुरुषांनी घरी काय लिहिले, ते शिळेवर नाही. ते ज्या लखोट्यांत होते, ते बहुतेक चुलीत गेले.

१९१४ साली हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा तिचे टपाल तपासण्यासाठी बूलोन येथे कचेरी थाटण्यात आली. मुलकी सेवेतील हॉवेल हे तिचे प्रमुख होते. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा नाना भाषांतील व लिप्यांतील पत्रे तेथे वाचली जात. लखोट्यावर 'पास्ड बाय सेन्सॉर' हा शिक्का उमटे. त्याचा आकार युद्धकाळात वर्तुळ, चौकोन, त्रिकोण असा बदलत गेला. शिपाईही काही कमी नव्हते. कोणी लिही की, काळी मिरी संपत आली, आता लाल मिरचीच वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे, हे सेन्सॉरच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

आणि नवल पाहा! ज्या कचेरीने आपल्या माणसांच्या खासगी गोष्टींत डोकावले, तिनेच त्या राखल्या. पत्रांतील उतारे इंग्रजीत करून तिने वेळोवेळी अहवाल पाठविले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे मात्र आम्ही राखली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात मुलूख सांगण्याचीच बंदी होती. घरच्यांस फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक तेवढा कळे. पलटण इटलीत लढते आहे की ईजिप्तच्या वाळूत आहे, हे लखोट्यावरून उमगत नसे. आज संग्राहक टपालाच्या शिक्क्याचा क्रमांक, तारीख व सेन्सॉरच्या मोहोरेचा क्रमांक एकत्र ताडून, पलटणींच्या रोजनिशांशी पडताळून ठिकाण ठरवितात. यास तिन्ही गोष्टी लागतात, म्हणजेच लखोटा अखंड लागतो.

येथे आम्हांस स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे. आमचे एक चुलते त्या युद्धात होते. त्यांच्या पत्रांची चळत गावाकडील पेटीत असे. दहाव्या वर्षी आम्हांस तिकिटांचा नाद लागला आणि आम्ही लखोट्यांचे कोपरे कातरून तिकिटे पाण्यात सोडविली. उरलेला कागद आईने बंबात घातला. पुढे नोकरीनिमित्त आम्ही रबाळ्यास आलो, तेव्हा ती पेटीही आली. तिच्या तळाशी एक लखोटा निघाला. त्याचे तिकीट पूर्वीच निखळले होते, म्हणून तो आमच्या कात्रीतून सुटला. मोहोर स्पष्ट आहे, तिचा क्रमांकही वाचता येतो. टपालाच्या शिक्क्याचा मात्र अर्धाच भाग उरला आहे, उरलेला तिकिटाबरोबर गेला. त्या दिवशी चुलते कोठे होते, ते आम्हांस ठरविता येत नाही.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथील ज्या ज्ञातिबांधवांच्या गावच्या घरी असे लखोटे असतील, त्यांनी ते आम्हांस पाहावयास द्यावेत. कात्री लावू नये, पाण्यात घालू नये. तोच मोहोरेचा क्रमांक दुसऱ्या एखाद्या अखंड लखोट्यावर मिळाला, तर चुलत्यांच्या पत्राचा पत्ता लागण्यास मदत होईल.