‘गिव्ह अप’ : सोडणे एक, अर्थ अनेक

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी वाचकाची खरी अडचण अवघड शब्दांपाशी होत नाही. ती सोप्या शब्दांच्या जोड्यांपाशी होते. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु या दोहोंची बेरीज ‘वर देणे’ अशी होत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे. अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ असे म्हणतात.

मराठीला हा प्रकार अगदीच परका नाही. बोलून दाखवणे, बोलून टाकणे आणि बोलून बसणे या तिन्हींत ‘बोलणे’ आहे, पण अर्थाची छटा दर वेळी बदलते. मराठीत हे काम मागून येणारे क्रियापद करते, इंग्रजीत ते ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखे छोटे शब्द करतात. ‘गिव्ह अप’ला जवळचा मराठी प्रयोग ‘सोडून देणे’ हा आहे आणि त्यातही ‘देणे’ आहेच.

मात्र कोण सोडतो, काय सोडतो आणि स्वेच्छेने सोडतो की नाइलाजाने, यावर या क्रियापदाचा नेमका अर्थ आणि योग्य समानार्थी शब्द ठरतो.

सवय आणि प्रयत्न

सर्वाधिक आढळणारा अर्थ सवय सोडण्याचा. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. येथे ‘क्विट’ किंवा ‘स्टॉप’ हे शब्द चालतात. अमेरिकेत ‘क्विट स्मोकिंग’ अधिक रूढ आहे, तर ब्रिटनमध्ये ‘गिव्ह अप’. ‘क्विट’ला जागा सोडून जाण्याचाही अर्थ आहे. १९४२ च्या आंदोलनात ब्रिटिशांना ‘क्विट इंडिया’ असे बजावण्यात आले, ते याच अर्थाने. तेथे ‘गिव्ह अप’ हा शब्द इतका नेमका बसला नसता.

दुसरा अर्थ प्रयत्न सोडण्याचा, म्हणजे हार मानण्याचा किंवा हात टेकण्याचा. कोडे सुटले नाही की ‘आय गिव्ह अप’ असे म्हणतात; मराठीत आपण ‘हरलो बुवा’ म्हणतो. हाती घेतलेले काम वा योजना अर्ध्यावर टाकली, तर ‘अबँडन’ हा औपचारिक शब्द वापरतात.

आशा सोडणे

‘गिव्ह अप’पुढे ‘ऑन’ आले की अर्थ बदलतो. ‘द टीचर गेव्ह अप ऑन हिम’ म्हणजे त्याच्याकडून आता काही होणार नाही, असे शिक्षकाने मनाशी ठरवले. हा प्रयोग जपून करावा. डॉक्टरांविषयी तो केल्यास त्यांनी रुग्णाची आशा सोडली, असा अर्थ होतो. उपचारांची दिशा बदलली एवढेच सांगायचे असेल, तर ‘गिव्ह अप ऑन’ लिहिणे अन्यायाचे ठरेल.

स्वाधीन करणे

‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. येथे ‘सरेंडर’ हा समानार्थी शब्द आहे. सैन्याच्या बाबतीत तोच शब्द वापरावा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, त्या दस्तऐवजाच्या नावातही ‘सरेंडर’ आहे. ‘गिव्ह अप’ तेथे फारच घरगुती वाटते.

बसमध्ये वृद्धांना जागा देणे हेही ‘गिव्ह अप’च. पण येथे पराभव नसून सौजन्य आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याची मोहीम हाती घेतली. तिचे ‘गिव्ह इट अप’ हे नाव याच छटेचे होते. एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदानावर पाणी सोडले.

मोठ्या व्यक्तींच्या त्यागासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या निषेधार्थ रवींद्रनाथ टागोरांनी १९१९ मध्ये ‘सर’ ही पदवी सोडली, त्यासाठी ‘रिनाउन्स’ वापरतात. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये राजसिंहासन सोडले, त्यासाठी ‘ॲब्डिकेट’. हा शब्द प्रामुख्याने राजपदासाठीच राखलेला आहे.

कागदावरचे ‘सोडणे’

शब्दांचा हा भेद बोलण्यात चुकला तर फार तर हसू होते. सही करताना चुकला तर नुकसान होते. कायद्याच्या आणि पैशाच्या कागदांत ‘गिव्ह अप’ क्वचितच लिहिलेले असते. त्याची जड भावंडे तेथे भेटतात.

‘रिलिंक्विश’ म्हणजे हक्क सोडणे. ‘रिलिंक्विशमेंट डीड’ म्हणजे आपल्याकडचे हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभरात २००५ मध्ये झाली. त्यामुळे बहिणीपुढे ठेवलेल्या इंग्रजी मसुद्यात हा शब्द दिसला, तर ती केवळ औपचारिकता नव्हे, हे तिने ओळखायला हवे. त्या सहीने तिचा वाटा जातो.

विमा पॉलिसी ‘सरेंडर’ करणे म्हणजे ती मुदतीपूर्वी बंद करणे. मिळणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांहून कमी असू शकते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या अनिवासी मराठी कुटुंबांना हाच शब्द पासपोर्टच्या संदर्भात भेटतो. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्याने त्यांना भारतीय पासपोर्ट ‘सरेंडर’ करावा लागतो.

‘वेव्ह’ म्हणजे आपले येणे किंवा अट आपण होऊन माफ करणे. ‘फोरफीट’ मात्र या कुटुंबातले नव्हे. त्यात माणूस सोडत नाही, त्याच्याकडून जाते. निवडणुकीत वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते, ती ‘फोरफीट’.

‘गिव्ह इन’शी गल्लत नको

‘गिव्ह इन’ म्हणजे दबावापुढे नमणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे प्रयत्न थांबवणे. मुलाने हट्ट धरला आणि आईने खेळणे घेऊन दिले, तर आई ‘गिव्ह इन’ करते. हट्ट सुटला, तर मूल ‘गिव्ह अप’ करते. विन्स्टन चर्चिल यांनी १९४१ मध्ये हॅरो शाळेत केलेल्या प्रसिद्ध भाषणात विद्यार्थ्यांना ‘गिव्ह इन’ करू नका असे सांगितले होते. त्याचे ‘गिव्ह अप’ असे रूप अनेक ठिकाणी छापले जाते, ते बरोबर नाही.

वाक्यात वापरताना

‘गिव्ह अप’नंतर क्रियापद आल्यास ते ‘इंग’ प्रत्ययासह येते. ‘गिव्ह अप स्मोकिंग’ बरोबर, ‘गिव्ह अप टु स्मोक’ चूक. सर्वनाम मधोमध बसते. ‘गिव्ह इट अप’ म्हणावे, ‘गिव्ह अप इट’ नव्हे. नाम असल्यास दोन्ही जागा चालतात : ‘गिव्ह अप द जॉब’ आणि ‘गिव्ह द जॉब अप’.

थोडक्यात, सवयीसाठी ‘क्विट’, योजनेसाठी ‘अबँडन’, शरणागतीसाठी ‘सरेंडर’, हक्कासाठी ‘रिलिंक्विश’ आणि पदवीसाठी ‘रिनाउन्स’ एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक ठिकाणी काम भागते. बोलताना ‘गिव्ह अप’ यांपैकी बहुतेकांच्या जागी चालून जाते. कागदावर मात्र यांपैकी कोणताही शब्द आला, तर आपण नेमके काय सोडत आहोत, हे विचारूनच लेखणी उचलावी.