पारेखवाडी ते क्युपर्टिनो : हौशी रेडिओची गोष्ट

तुम्ही क्युपर्टिनोत किंवा आसपास राहत असाल, तर एखाद्या जुन्या घराच्या छपरावर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा, माशाच्या काट्यासारखा दिसणारा सांगाडा तुम्ही पाहिला असेल. टीव्हीचा जुना अँटेना काढायचा राहून गेला असेल, असे समजून पुढेही गेला असाल. पुढच्या वेळी जरा थांबून बघा. त्या घरात बहुधा एक हौशी रेडिओवाला राहतो. इंग्रजीत त्याला ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द आपण नाटकवाल्यांसाठी राखून ठेवला आहे, पण तो इथेही चपखल बसतो. पैसे घ्यायचे नाहीत, खर्च स्वतः करायचा, आणि तरीही काम चोख करायचे.

हे हौशी लोक सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवतात, स्वतःचे यंत्र लावतात आणि हवेतून जगभर बोलतात. मध्ये टेलिफोन कंपनी नाही, इंटरनेट नाही, उपग्रहही लागतोच असे नाही. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. भारतातल्या बहुतेकांचे ‘व्हीयू’ने सुरू होते, तर कॅलिफोर्नियात दिलेल्या संकेतनामात ‘६’ हा आकडा असतो. वयाने बारा असो की ऐंशी, पुरुषाला सगळे ‘ओल्ड मॅन’ म्हणतात. निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणायचे, म्हणजे ‘शुभेच्छा’. बोलणे झाल्यावर एकमेकांना पोस्टकार्ड धाडायचे. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. ती हजारो कार्डे गोळा करून, देशवार लावून, ज्याची त्याला पोचवण्याचे काम प्रत्येक देशातली राष्ट्रीय संस्था करते. अमेरिकेत हे काम १९१४ साली स्थापन झालेली अमेरिकन रेडिओ रिले लीग करते आणि भारतात ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया. आपल्या मंडळांत जशी सतरंज्या घालणारी आणि खुर्च्या मोजणारी माणसे असतात, तशीच माणसे तिथेही आहेत. संस्था त्यांच्याच जिवावर चालते.

पण हा नुसता छंद असता, तर तुम्हाला इतके सांगत बसलो नसतो. सामान्य माणसाच्या हातातल्या ट्रान्समीटरची सरकारला नेहमीच भीती वाटत आली आहे, आणि त्या भीतीच्या इतिहासात गिरगावची एक वाडी आहे.

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. १९२१ साली कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी केंद्र सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईहून पोस्ट-तार खात्याच्या मदतीने प्रयोगादाखल संगीत प्रक्षेपित झाले आणि ते पुण्यात ऐकले गेले. १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लब निघाला. सरकारी आकाशवाणी येण्याच्या कितीतरी आधी, हौशी मंडळींनी वर्गणी काढून चालवलेले हे प्रक्षेपण होते. कुलाब्याला गेटवेजवळचा रेडिओ क्लब तुम्हाला लग्नाच्या स्वागत समारंभांमुळे माहीत असेल. त्या नावातला ‘रेडिओ’ याच काळातला आहे.

तिसाव्या दशकाच्या मध्यावर अख्ख्या हिंदुस्थानात परवानाधारक हौशी जेमतेम वीसेक होते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने नवे परवाने थांबवले. ज्यांच्याकडे यंत्रे होती त्यांना लेखी हुकूम गेले : यंत्र पोलिसांकडे जमा करा. न्यायाने सांगायचे तर अमेरिकेनेही पर्ल हार्बरनंतर आपल्या हौशी लोकांना गप्प बसवले होते. फरक इतकाच की अमेरिकन माणूस आपल्याच निवडलेल्या सरकारसाठी गप्प बसला.

मग आला ऑगस्ट १९४२. गांधीजींसह सारे नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे मित्र बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी यांनी ठरवले की आपले नभोवाणी केंद्र हवे. शिकागो रेडिओ या मुंबईच्या कंपनीचे नानक मोटवाने यांनी सामग्री दिली. हीच कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवत असे. पण यंत्र जोडणार कोण? ते ज्ञान तेव्हा शहरात फार थोड्यांना होते, आणि त्या थोड्यांत यंत्रे जप्त झालेले हौशी रेडिओवाले होते. नरिमन प्रिंटर आणि ‘बॉब’ तन्ना ही त्यातली दोन नावे. हुकमाने गप्प केलेली माणसे अशी पुन्हा हवेत आली.

केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. तुम्ही इंजिनिअर असाल तर मनातल्या मनात ३०० ला ४२.३४ ने भागाल. उत्तर येते ७ मेगाहर्ट्झच्या थोडे वर. आज जगभरचे हौशी ज्याला ‘चाळीस मीटरचा पट्टा’ म्हणतात, त्यातच ही जागा पडते. आज रात्री कोणी परवानाधारक तिथे आपले संकेतनाम पुकारत असेल. त्याच जागेवरून ‘हिंदुस्थानात कुठून तरी’ एवढाच पत्ता सांगून काँग्रेस रेडिओ बोलत होता.

कार्यक्रम ‘हिंदोस्ताँ हमारा’ने सुरू होई आणि ‘वंदे मातरम्’ने संपे. मधल्या वेळात जे छापायला मनाई होती, ते सांगितले जाई. चिमूर आणि आष्टीची नावे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली असतील. चांदा आणि वर्धा जिल्ह्यांतल्या त्या दोन गावांत ऑगस्ट १९४२ मध्ये काय अत्याचार झाले, ते या केंद्राने लोकांना ऐकवले. राममनोहर लोहिया भाषणे आणि मजकुराची बाजू पाहत, आणि भूमिगत असलेले अच्युतराव पटवर्धन यांचेही या कामाशी नाते होते.

पोलिसांच्या गाड्या मागावर होत्या. दिशा ओळखणारा अँटेना फिरवून आवाज कुठून येतो ते बघायचे, दुसऱ्या ठिकाणाहून तेच करायचे, आणि नकाशावर त्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे जायचे. हौशी मंडळी आजही सुट्टीच्या दिवशी हाच खेळ खेळतात. कोणीतरी ट्रान्समीटर लपवतो, बाकीचे शोधतात. त्याला ‘फॉक्स हंट’ म्हणतात. मुंबईत १९४२ साली तो खेळ नव्हता. म्हणून यंत्र सारखे हलवावे लागे : चौपाटीजवळचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल, आणि शेवटी गिरगावातली पारेखवाडी. शेवटी केंद्राचा ठावठिकाणा मिळाला तो मात्र यंत्राकडून नाही, माणसाकडून. पकडलेल्या तंत्रज्ञाकडून पत्ता कळला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस दारे तोडून आत आले. तेव्हा ‘वंदे मातरम्’ सुरू होते. ते बंद करायला उषाबेनने नकार दिला. पुढे खटला चालला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे शिक्षा झाली. त्या येरवड्याला होत्या आणि १९४६ साली सुटल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. अलीकडच्या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीलाही कळले आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नियमांच्या भाषेत काँग्रेस रेडिओ हा ‘हौशी रेडिओ’ नव्हताच. हौशी माणसाने प्रक्षेपण करायचे नसते, संगीत वाजवायचे नसते, धंद्याचे बोलायचे नसते. पण त्या पारतंत्र्यात नियम मोडायचे ज्ञान नियम पाळून शिकलेल्या माणसांकडेच होते.

तसेच आणखी एकदा घडले. दादरा-नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाली; त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते हे तुम्हाला माहीत असेल. पुढे २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त केंद्र बोलू लागले, तेही आपल्या आंबोलीच्या जंगलातून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत डिसेंबर १९६१ पर्यंत चालवले. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तिथल्या रानात विजेची उपकरणे सांभाळणे म्हणजे काय याचा विचार करावा.

स्वातंत्र्यानंतर हौशी रेडिओला कायद्याचे घर मिळाले. १९४८ साली महू इथे, जिथे लष्कराचे सिग्नल्सचे प्रशिक्षण चाले, हौशींचा राष्ट्रीय क्लब सुरू झाला. १९५४ मध्ये तो दिल्लीला गेला आणि त्याला ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे नाव मिळाले. तरी छंद वाढायला वेळ लागला. परदेशी यंत्रावर जबर आयात शुल्क होते, म्हणून लोक लष्कराच्या भंगारातली यंत्रे आणून दुरुस्त करत. १९८४ मध्ये ते शुल्क उठले, तेव्हा कुठे दारे उघडली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक होते. त्यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी.

या मंडळींचा खरा उपयोग कधी होतो, ते भारताने पुढे पाहिले. अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची ती पहाट, ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. तिथे हौशी रेडिओवाले मदतीला पोचले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा हौशी चमू पोर्ट ब्लेअरला गेला होता. अनेक वर्षांनी अंदमानातून बोलायची परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलायला रांग लावून बसले होते. २६ डिसेंबरला सुनामी आली. छंदासाठी नेलेल्या त्याच यंत्रांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला मिळू लागली.

आता क्युपर्टिनोकडे या. आपण ज्या उद्योगाच्या आधाराने इथे आलो, त्याच्या पायात हा छंद आहे. स्टीव्ह वॉझ्नियॅकने सहावीत असतानाच हौशी परवाना मिळवला होता. स्टीव्ह जॉब्सला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लावली ती शेजारी राहणाऱ्या एका इंजिनिअरने, जो हौशी रेडिओवाला होता. दोघेही होमस्टेड हायस्कूलचे विद्यार्थी. डी अँझा कॉलेजच्या पार्किंगमध्ये मार्च ते ऑक्टोबर, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार भरत असे, तो खोऱ्यातल्या हौशी रेडिओ क्लबांचाच. पहिल्या शनिवारचा नेहमीचा बाजार वेगळा. या बाजारात लोक पहाटे अंधारात बॅटरी घेऊन येत, कारण चांगला माल उजाडायच्या आत संपे. चोर बाजारात रमलेल्या मुंबईकराला तिथे घरच्यासारखे वाटले असते.

आणि १७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटे. जे तेव्हा इथे होते, त्यांना लोमा प्रीएटाच्या भूकंपाविषयी सांगायला नको. ६३ माणसे गेली. केंद्र आपल्या मागच्या सांताक्रूझच्या डोंगरात होते. टेलिफोनच्या तारा शाबूत असूनही फोन लागत नव्हते, कारण सगळ्यांनी एकाच वेळी रिसीव्हर उचलला होता. मोबाइलचेही तसेच होते. मनोऱ्याची क्षमता ठरलेली आणि बॅटरी संपणारी. त्या दिवसांत निवारा केंद्रे आणि शहरे यांच्यात निरोप नेणाऱ्यांत हौशी रेडिओवाले होते. आज क्युपर्टिनोत ‘केअर्स’ नावाचा हौशी स्वयंसेवकांचा गट शहराच्या आपत्कालीन व्यवस्थेशी जोडलेला आहे. ते दर आठवड्याला हवेत हजेरी घेतात, म्हणजे वेळ आल्यावर कोण कुठे आहे ते शोधत बसावे लागत नाही.

तुम्ही विचाराल, या यंत्रावरून पुण्याच्या आईशी बोलता येईल का? लहरींचे म्हणाल तर हो. मुंबई इथून सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे, आणि तुमचे विमान जसे उत्तरेकडे झेपावते तशीच लहरही ध्रुवाच्या बाजूने जाते. म्हणून ही वाट अवघड. सूर्यावर वादळ झाले की बंद. सूर्य शांत असला आणि इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ असा मुहूर्त साधला, तर शंभर वॉटमध्ये, म्हणजे एका जुन्या बल्बच्या विजेत, मुंबईचा माणूस ऐकू येतो. कायद्याचे म्हणाल तर थोडे थांबा. आईकडेही परवाना हवा. तिकडच्या हौशी मित्राकरवी तिला निरोप देणे चालत नाही, कारण त्यासाठी दोन देशांत करार लागतो आणि अमेरिकेच्या त्या यादीत भारत नाही. अपवाद एकच : आपत्कालीन आणि आपत्तीतल्या मदतीचे निरोप.

म्हणून हा छंद मुख्यतः तिकडच्यासाठी नाही, इथल्या शेजाऱ्यासाठी शिकायचा. पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. मोर्सची अट २००७ साली गेली. परवाना दहा वर्षे चालतो. अमेरिकन नागरिक असण्याची गरज नाही. इथला टपालाचा पत्ता पुरतो. म्हणजे एच-वनवर आलेला मुलगा, त्याची नोकरी न करू शकणारी बायको, आणि नातवंडांजवळ राहायला आलेले, आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढलेले आजोबा, असे कोणीही बसू शकते.

आपल्या मंडळांच्या याद्यांत ढोल-ताशा पथक आहे, नाटक आहे, मराठी शाळा आहे. गणपतीला हजार माणसांचे जेवण वेळेवर वाढण्याची शिस्त आपल्यात आहे. पण भूकंपाच्या दिवशी एकट्या राहणाऱ्या काकूंपर्यंत कोण पोचेल आणि त्या सुखरूप आहेत हे कोण, कशावरून कळवेल, याचे उत्तर बहुतेक मंडळांकडे व्हॉट्सॲप एवढेच आहे.

पारेखवाडीतल्या मुलीला बोलायची परवानगी कोणी देणार नव्हते. तिने चार वर्षे कैद घेऊन ती मिळवली. तुम्हाला २६ उत्तरे द्यायची आहेत. मंडळातली चारपाच माणसे या वर्षी परीक्षेला बसली, तरी पुष्कळ झाले.