नोकरी बदलायची, पण पेन्शनचं काय? अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांची गोष्ट

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. आजच्या भागात मात्र एक हिशोब आहे. अमेरिकेतल्या हजारो ट्रक ड्रायव्हरांना तो करावा लागला: आहे त्या कंपनीत राहून कापलेली पेन्शन पदरात घ्यायची, की दुसऱ्या कंपनीचं स्टिअरिंग धरायचं?

सुरुवात करू १९५५ पासून. तिथल्या ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनचं नाव टीमस्टर्स. टीमस्टर म्हणजे मुळात घोड्यांची जोडी हाकणारा गाडीवान. या युनियनचा गाजलेला पुढारी जिमी हॉफा. ‘द आयरिशमन’ पाहिला असेल, तर अल पचिनोने रंगवलेला तोच. त्याच्या पुढाकाराने १९५५ साली ‘सेंट्रल स्टेट्स’ हा पेन्शन फंड उभा राहिला.

कल्पना साधी होती. ट्रान्सपोर्टच्या शेकडो छोट्या कंपन्या; आज आहेत, उद्या नाहीत. एकेका कंपनीची वेगळी पेन्शन ठेवली तर कंपनी बुडाली की पेन्शनही बुडणार. म्हणून सगळ्यांचा मिळून एकच फंड. प्रत्येक कंपनी आपल्या ड्रायव्हरमागे त्यात ठरावीक रक्कम भरणार. ड्रायव्हरने कंपनी बदलली, तरी नवी कंपनी त्याच फंडात असेल तर त्याची वर्षं पुढे मोजली जाणार. म्हणजे पेन्शन मालकाशी नाही, धंद्याशी बांधलेली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

पण मेख होती अटींमध्ये. शिकागोतल्या टीमस्टर्सच्या एका स्थानिक फंडाची अट होती, सलग २० वर्षं सेवा. तिथला एक ड्रायव्हर १९५० पासून ट्रक चालवत होता. १९७३ साली निवृत्त झाला, अर्ज केला आणि उत्तर आलं: पेन्शन नाही. का? तर १९६०-६१ मध्ये त्याच्या सेवेत ७ महिन्यांचा खंड पडला होता. त्यातले काही महिने त्याला कामावरून कमी केलं होतं. उरलेले महिने तो कामावर होता, पण मालकाच्या हिशोबनीसाने पैसे खाल्ल्यामुळे फंडात भरणाच झाला नव्हता! प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. ‘टीमस्टर्स विरुद्ध डॅनिएल’ या नावाने ते ओळखलं जातं. १९७९ साली निकाल लागला आणि ड्रायव्हर हरला.

तोपर्यंत कायदा बदलला होता. १९७४ च्या पेन्शन कायद्याने ठरावीक वर्षं काम केलेल्याचा हक्क पक्का केला. त्याच्या आधी सेंट्रल स्टेट्स फंडाची आणखी एक कहाणी घडून गेली होती. ड्रायव्हरांच्या पैशातून लास व्हेगासच्या कॅसिनोंना कर्जं गेली होती. फंडाच्या कर्जांमधल्या फसवणुकीबद्दल १९६४ साली हॉफा दोषी ठरला. पुढे १९८२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने फंडाची गुंतवणूक बाहेरच्या व्यावसायिकांकडे सोपवली गेली.

मग फंड अडचणीत आला तो माफियामुळेच, असं वाटेल. पण खरं दुखणं वेगळं होतं.

१९८० साली सरकारने ट्रक वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. कुणीही ट्रक घ्यावा, भाडं आपलं आपण ठरवावं. युनियन नसलेल्या स्वस्त कंपन्या रस्त्यावर आल्या आणि जुन्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांचे निवृत्त ड्रायव्हर मात्र फंडातच राहिले. त्यांचा भार कुणावर? उरलेल्या कंपन्यांवर. १९८० च्या सुमारास एका पेन्शनरमागे काम करणारे चार ड्रायव्हर होते. २०१५ पर्यंत पारडं पार उलटलं. भरणारे थोडे, घेणारे फार.

१९८० च्याच आणखी एका कायद्याने, फंड सोडणाऱ्या कंपनीला तुटीतला आपला वाटा भरणं सक्तीचं झालं. हेतू चांगला, पण परिणाम काय? जुन्या कंपन्या अडकून पडल्या आणि अशा फंडात शिरायचं धाडस नवी कंपनी करेना. युपीएसने मात्र बाहेर पडायचं ठरवलं. १९९७ साली १५ दिवसांचा मोठा संप झाला, त्यात हा एक मुद्दा होता. तेव्हा युनियन जिंकली. दहा वर्षांनी, २००७ च्या शेवटी, युपीएस ६.१ अब्ज डॉलर भरून फंडातून बाहेर पडलीच. सगळ्यात भक्कम खांदा गेला.

आता ड्रायव्हरच्या बाजूने बघू. २००३ पर्यंत नियम असा होता की वर्षभरात तुमच्या नावावर जेवढे पैसे भरले, त्याच्या २ टक्के रक्कम दरमहा पेन्शनमध्ये वाढायची. २००४ पासून ते १ टक्का झालं. समजा, वर्षाला ८,००० डॉलर भरले. आधी त्या एका वर्षाने महिन्याची पेन्शन १६० डॉलरने वाढायची, आता ८० ने. काम तेच, रात्रीची जागरणं तीच.

मग आली मंदी. वायआरसी ही युनियनवाली मोठी कंपनी बुडायला लागली. २००९ मध्ये पगार कापला गेला आणि पेन्शनचा भरणा थांबला. २०११ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण जुन्या दराच्या २५ टक्क्यांवर. पन्नाशीच्या ड्रायव्हरने काय करावं? सोडलं तर सीनिऑरिटी शून्यावर. चांगल्या फेऱ्या, सुट्टीचे दिवस, सगळं नव्याने. शिवाय युनियन नसलेल्या कंपनीत पेन्शन नाही, फार तर बचत खातं. राहिलं तर पेन्शन मुंगीच्या पावलाने वाढणार, तीही फंड टिकला तर. एकमेकांशेजारी ट्रक उभे करणाऱ्या दोघांनी वेगवेगळी उत्तरं काढली असतील, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

२०१५ मध्ये फंडाने निवृत्तांच्या चालू पेन्शनला कात्री लावायची परवानगी मागितली. निवृत्त ड्रायव्हर आणि त्यांच्या बायका वॉशिंग्टनला धडकल्या. मे २०१६ मध्ये सरकारने योजना फेटाळली. पण फेटाळल्याने पैसे येत नाहीत. ते आले २०२१ च्या मदत कायद्यातून: डिसेंबर २०२२ मध्ये फंडासाठी सुमारे ३६ अब्ज डॉलर जाहीर झाले. साडेतीन लाखांहून जास्त लोकांची सुमारे ६० टक्के कपात टळली. भार उचलला करदात्यांनी.

आणि ती वायआरसी? ‘येलो’ असं नाव घेऊन चालत राहिली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात बंद पडली. सुमारे ३०,००० नोकऱ्या गेल्या. जे निष्ठेने थांबले होते, त्यांनाही शेवटी कंपनी बदलावीच लागली. पण त्यांची जमलेली पेन्शन वाचली, कारण ती कंपनीच्या नव्हे, फंडाच्या खात्यात होती. १९५५ ची कल्पना चुकीची नव्हती. चुकलं ते एवढंच धरून चालणं, की मागून भरणारे कायम येतच राहतील.

आता आपल्याकडे या. आपली ईपीएस-९५ पेन्शनही मालक बदलला तरी सोबत नेता येते. दरमहा पेन्शनसाठी एकूण किमान १० वर्षांची सेवा लागते, ती एकाच कंपनीत असायची गरज नाही. तरी पोरं पेन्शनचे पैसे काढून घेतात आणि ती वर्षं पुसली जातात. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याला तर हा कायदा आपोआप लागूही होत नाही. त्याच्या ड्रायव्हरला हा हिशोब करायचीच सोय नाही.

तेव्हा पुढची ऑफर आली की पगाराच्या आकड्यासोबत तीन प्रश्न विचारा. माझी जुनी वर्षं मोजली जाणार का? भरणा खरंच होतोय का, पासबुकात दिसतोय का? आणि ही पेन्शन कंपनीच्या भरवशावर आहे की कंपनीबाहेरच्या फंडाच्या? शिकागोच्या त्या ड्रायव्हरला ७ महिन्यांच्या खंडाचा अर्थ १२ वर्षांनी कळला. तुमचं पासबुक मोबाईलवर आहे. हा भाग संपला की उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!