कास पठार

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी.वर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मी. उंचीवरील जांभ्याचे पठार. सह्याद्रीत अशा उघड्या कातळाला सडा म्हणतात. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांत महाराष्ट्राची चार : कास, कोयना, चांदोली व राधानगरी.

येथील फुलांची संपत्ती दारिद्र्यातून आली आहे. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचे कवच आणि त्यावर जेमतेम बोटभर माती; तीही खळग्याखळग्यांत साठलेली. झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून सावली नाही. मुसळधार पावसाने मातीतला कस वाहून जातो. अशा जागी तगलेल्या वनस्पतींनी पोट भरण्याच्या नाना युक्त्या काढल्या आहेत. ‘सीतेची आसवे’ हे निळे-जांभळे नाजूक फूल पाहून कोणालाही कीव यावी. पण त्याच्या तळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या इवल्या पिशव्या असतात. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांना कीटक पाणी समजतो आणि अडकतो. डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याचा तुरा दुभंगलेला असतो; त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे.

ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा आणि कवल्याचा पिवळा रंग आळीपाळीने सड्यावर पसरतो. कवल्याच्या एका जातीला पर्यटकांनी ‘मिकी माऊस’ केले आहे. नाव चपखल, पण मूळ नाव मागे पडले. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. जवळच्या कास तलावातून सातारा शहराला पाणी मिळते.

गर्दी वाढल्यावर फुले तुडवली जाऊ लागली. हंगामात प्रवेशशुल्क आले, रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा आली. व्यवस्था वनखात्यासोबत आसपासच्या गावांची समिती पाहते. तारेचे कुंपणही घातले गेले. त्याने माणसे अडली, तशी गुरेही अडली. चराई थांबताच गवत माजले आणि बोटभर उंचीची फुले त्यात घुसमटू लागली, अशी तक्रार अभ्यासक व गावकरी दोघांनीही केली. शेवटी कुंपण काढावे लागले. शतकानुशतके चरणारी जनावरे हा या सड्याचाच भाग होता, ही गोष्ट गुराख्याला विचारली असती तर आधीच कळली असती.

पाऊस सरला की डबकी आटतात, गवत वाळते. नोव्हेंबरात जाणाऱ्याला तांबूस कातळ दिसतो आणि त्यावर चरणाऱ्या म्हशी.