मूळ प्रत कोणती? : एका आरएक्स १००च्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने

वडिलांची मोटरसायकल पत्र्याच्या आडोशातून बाहेर काढली, तेव्हा तिला तिथे उभी करून अकरा वर्षे झाली होती. १९८९ साली घेतलेली यामाहा आरएक्स १००. वडिलांची दृष्टी मंदावली, त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि गाडीही थांबली. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचे बिऱ्हाड, इंजिन जाम. गावातल्या मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, किक पायाने दाबून पाहिली आणि विचारले, "सर, ओरिजिनल करायची, का सुधारून घ्यायची?"

प्रश्न व्यवहारातला होता, पण मराठीच्या अध्यापकाला तो फार ओळखीचा वाटला. जुन्या ग्रंथाची प्रत शुद्ध करणाऱ्यापुढे हाच पेच असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः एवढा मोठा कवी असूनही दुसऱ्याच्या ग्रंथात आपला शब्द मिसळायचा नाही, हा संयम त्यांनी पाळला. तरीही शोध तिथे संपला नाही. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत प्रसिद्ध केली आणि 'मूळ पाठ कोणता' हा वाद पुन्हा उभा राहिला. मिस्त्रींच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मलाही हेच ठरवायचे होते. या गाडीचे मूळ म्हणजे नेमके कोणते?

शोध घेत गेलो तर सुरुवातीलाच एक दुरुस्ती सापडली. १८८७ साली जपानमधील हामामात्सु येथील प्राथमिक शाळेतला परदेशी बनावटीचा रीड ऑर्गन बिघडला. तो नीट करण्यासाठी तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावण्यात आले. दुरुस्ती करता करता त्याने आतल्या रचनेचे आराखडे उतरवून घेतले आणि एका सोबत्याच्या मदतीने स्वतःचा ऑर्गन तयार केला. परीक्षणासाठी तो तोक्योच्या संगीतसंस्थेत न्यायचा होता. दोघांनी तो कावडीसारखा खांद्यावर घेऊन हाकोनेचा घाट ओलांडला. परीक्षकांचा निर्णय असा, की बांधणी चांगली आहे, पण सूर जुळलेले नाहीत. यामाहाने स्वरशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढचा ऑर्गन सुरात बांधला. या खटाटोपातून १८९७ साली 'निप्पॉन गाक्की' ही वाद्यनिर्मितीची कंपनी उभी राहिली. यामाहाच्या बोधचिन्हातले तीन स्वरकाटे मोटरसायकलीवर कुठून आले, याचे उत्तर या कथेत आहे.

महायुद्धाच्या काळात याच कंपनीने विमानांचे पंखे बनवले. युद्ध संपल्यावर त्या कामाची यंत्रसामग्री रिकामी पडली होती. तिचा काहीतरी उपयोग करावा म्हणून अध्यक्ष गेनइची कावाकामी यांनी मोटरसायकलीकडे मोर्चा वळवला आणि १९५५ साली वायए-१ ही १२५ सीसीची पहिली गाडी बाजारात आली. तांबूस रंगामुळे जपानी लोकांनी तिचे नाव ठेवले 'आका-तोंबो', म्हणजे लाल चतुर. त्याच वर्षी १ जुलैला मोटरसायकलींसाठी यामाहा मोटर ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

परंतु आपण समजतो त्या अर्थाने ही गाडीही 'मूळ' नव्हती. जर्मनीतील डीकेडब्ल्यू या कंपनीची आरटी १२५ ही गाडी समोर ठेवून ती घडवली होती. युद्धानंतर याच जर्मन गाडीवरून ब्रिटनमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसी गाडी आणि सोव्हिएत रशियात मॉस्क्वा तयार झाली. एकाच ग्रंथाच्या चार देशांत चार प्रती निघाव्यात तसे हे घडले. जपानी लेखनिकाने मात्र नुसती नक्कल केली नाही. जर्मन गाडीला तीन गिअर होते, त्याने चार दिले. गाडी गिअरमध्ये असतानाही किक मारून सुरू करता येईल अशी सोय केली. पाठशुद्धीच्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणावे लागेल. पण यामाहाची पुढची सारी परंपरा याच प्रक्षेपांतून निघाली, हे विसरून चालणार नाही.

आता भारतात येऊ. परवाना-राजवटीच्या त्या काळात आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. ऐंशीच्या दशकात शासनाने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची वाट मोकळी केली आणि दोनतीन वर्षांत रस्त्याचे रूप पालटले. १९८४ साली इंड-सुझुकी आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने आणलेली आरएक्स १००, आणि १९८६ साली आपल्या पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी १००. चारही गाड्या जपानी वंशाच्या. त्यांपैकी तीन टू-स्ट्रोक आणि एकटी हिरो होंडा फोर-स्ट्रोक. 'पेट्रोल भरा आणि विसरून जा' अशा मोजक्या खर्चाच्या संसारी स्वभावाने पुढे बाजार जिंकला तो हिरो होंडाने. आरएक्सने जिंकली ती एका पिढीची मने.

ती का, हे तिच्या इंजिनात शिरल्याशिवाय कळत नाही. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर, घनफळ ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. आणि गाडीचे वजन सुमारे १०० किलो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे एवढेसे इंजिनही जागच्या जागी उसळी घेते. याची किंमत अशी, की ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो आणि पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. तो निळसर धूर आणि तो वास ज्यांनी अनुभवला, त्यांच्या तारुण्याच्या आठवणी त्यातून सुटत नाहीत. त्या धुराने शहरांची हवा बिघडवली, हेही तितकेच खरे. १९९६ साली धुराचे नियम अधिक कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १००चे उत्पादन थांबले.

कार्ब्युरेटर आणि क्रँककेस यांच्यामध्ये एक छोटा ठोकळा बसवलेला असतो. त्यावर पातळ पत्त्या असतात, एका टोकाला स्क्रूने आवळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या. पिस्टन वर जाताना त्या ओढीने उघडतात आणि मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताच दाबाने त्या मिटतात आणि आत आलेले मिश्रण मागे फिरू शकत नाही. या पत्त्यांना रीड म्हणतात. आपल्या पेटीत, संगीत नाटकांच्या रंगमंचासमोर वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये आणि हामामात्सुच्या त्या शाळेतल्या वाद्यात हवेच्या झोताने थरथरते तीही रीडच. इंजिनातल्या रीडचा शोध यामाहाने लावलेला नाही, आणि या दोहोंत कार्यकारणाचे नाते जोडणे हा कल्पनाविलास ठरेल. तरीही मिस्त्रींनी तो काजळलेला ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा क्षणभर मला पेटीच उघडल्यासारखे वाटले.

इंजिन उघडल्यावर पहिला धक्का बसला. सिलिंडरला ओरखडे होते. आता बोअर करणे भाग होते, म्हणजे सिलिंडर आतून किंचित कोरून मोठा करायचा आणि त्यात त्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. वडिलांच्या काळात तीन वेळा बोअर झालेले निघाले. आता चौथा आणि शेवटचा टप्पा, पुरा एक मिलिमीटर. यापुढे नवा स्लीव्ह तरी ठोकायचा, नाहीतर नवा सिलिंडर शोधायचा. मी घरी येऊन हिशेब मांडला. ५० मिलिमीटर व्यासाला घनफळ ९८ सीसी होते, ५१ला १०२. म्हणजे निव्वळ दुरुस्ती म्हणून जे केले, त्याने इंजिन चार सीसींनी वाढले. 'ओरिजिनल' आणि 'सुधारित' यांच्यातली रेषा इतकी ठळक मानण्यात अर्थ नव्हता. जे यंत्र चालते ते झिजते, आणि जे झिजते ते दुरुस्तीनंतर तंतोतंत पूर्वीचे राहत नाही.

या छंदात दोन संप्रदाय आहेत. पहिला शुद्धिवाद्यांचा. त्यांना प्रत्येक नटबोल्ट त्या सालचा हवा, टाकीवरचे पट्टे त्याच छटेचे हवेत. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक कागदपत्रांशी जुळले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह; हस्तलिखिताच्या पुष्पिकेसारखे ते क्रमांक गाडीची ओळख सांगतात. सुरुवातीच्या आरएक्स जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे जपानी छाप असलेल्या भागाला या मंडळींत आजही मोल आहे. जिथे मोल आले तिथे बनावटही आली, आणि आता जुने दिसणारे नवे भाग सर्रास मिळतात. दुसरा संप्रदाय सुधारकांचा. ते आरएक्स १३५ची पाच गिअरची पेटी बसवतात, पुढे डिस्क ब्रेक लावतात, पोलादी रीडच्या जागी फायबरच्या घालतात, एक्झॉस्ट बदलतात. कायद्याचा कल शुद्धिवाद्यांकडे आहे. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला मान्य नाही. २०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले, त्यांतही गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी अट आहे. सर्वांत पहिल्या आरएक्सलाही तो मान मिळायला २०३५ साल उजाडावे लागेल.

मी कोणत्या संप्रदायात बसलो? दोन्हींत थोडाथोडा. ठरवताना एकच कसोटी लावली : केलेला बदल उद्या कोणाला परत फिरवता येईल का? हेडलाइटचा प्रकाश इंजिनाच्या गतीबरोबर कमीजास्त होत असे. वळणावर गाडी हळू केली की नेमका अंधार. आजच्या रहदारीत हे धोक्याचे होते, म्हणून दिव्याची जोडणी बॅटरीवर घेतली, पण जुनी वायरिंग न कापता गुंडाळून ठेवली. टायर, ब्रेकचे लाइनर आणि केबल नव्या घातल्या, ड्रम तेच ठेवले. पाच गिअरच्या पेटीला नकार दिला. पोर्ट घासून मोठे करण्यालाही नकार दिला, कारण घासलेले लोखंड परत येत नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला आणि काय केले, कधी केले, का केले, हे वहीत तारखेनिशी नोंदवले. पाठचिकित्सेत संपादकाने पाठ निवडावा, पण टाकलेला पाठ तळटीपेत द्यावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. ते गॅरेजमध्ये प्रथमच हाताने करून पाहिले.

एका ठिकाणी मात्र मिस्त्रींशी वाद झाला. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचे साडीगार्ड त्यांनी काढून बाजूला टाकले होते. "हे काढलं की गाडी जपानी दिसते, सर," त्यांचे म्हणणे. दिसत होती खरी. पण डाव्या बाजूची ती जाळी आणि बाजूला बसून पाय ठेवण्याची ती पट्टी हा या गाडीचा भारतीय पाठ आहे. आईने बारा वर्षे त्या जाळीच्या आधाराने बाजूला बसून पिशवी सांभाळत शाळेची नोकरी केली. पट्टीचा रंग एका जागी चपलेने झिजून आतले लोखंड दिसत होते. जाळी रंगवून घेतली, पट्टी होती तशीच बसवली. मिस्त्रींना ते आवडले नाही, आणि रंगकामाच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर होते.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी वडिलांना खुर्ची टाकून अंगणात बसवले. त्यांना आता गाडी नीट दिसत नाही, त्यामुळे टाकीवरचे पट्टे, क्रोम, नवे सीट यांचे कौतुक त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हते. तिसऱ्या किकला इंजिन लागले. मी कंपनीच्या मापाचा नवा सायलेन्सर मोठ्या प्रयत्नाने मिळवला होता, त्यामुळे आवाज अगदी १९८९ सालचा असणार, याची मला खात्री होती. वडिलांनी मान कलती करून बराच वेळ ऐकले.

"गाडी छान वाजतेय," ते म्हणाले. "पण ही आपली नाही वाटत."

मग आठवले. १९९७ साली गाडी घसरून सायलेन्सर चेपला होता आणि त्यांनी बाजारातला साधा सायलेन्सर बसवून घेतला होता. त्यानंतर पंधरासोळा वर्षे ते तोच आवाज ऐकत आले. त्यांच्या लेखी मूळ पाठ तो होता. मी मात्र एक प्रत शुद्ध करण्याच्या भरात तिचा सर्वांत जुना वाचक विसरलो होतो.

तो गंजका सायलेन्सर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवला आहे. पुढच्या रविवारी मिस्त्रींना बोलावले आहे. वहीत तशी नोंदही केली आहे.