कार्बोरेटरची सुई आणि बगदादचे भाऊ

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? इंजिन गार होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, खालची वाटी उघडा. दोष बहुधा सुईत असतो. टोकाशी कचरा अडकला किंवा ते झिजलं, की फ्लोट वर येऊनही पेट्रोल थांबत नाही.

जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९०च्या दशकात फ्लोटचा कार्बोरेटर बनवला. पण तरंगत्या वस्तूने प्रवाह रोखायची युक्ती अलेक्झांड्रियाच्या हेरोनकडेही होती. ९व्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी ती ‘किताब अल-हियल’मध्ये पुढे नेली. ग्रीक ग्रंथ अरबीत आणायला याच भावांनी पैसा पुरवला. इल्म कुणा एका कौमची जहागीर नव्हती.

एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. जुनी गाडी दारात आहे तोवर मुलांना ती वाटी उघडून दाखवा.