लोणारच्या गाळातला पावसाचा इतिहास

दुष्काळ म्हटला की आपल्याकडची जाणती माणसे १९७२ साल सांगतात. खडी फोडण्याची कामे आठवतात, सुकडी आठवते. त्यामागचा १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ इतिहासात नोंदलेला आहे. पण चार हजार वर्षांपूर्वी पाऊसमान कसे होते, हे कोणी लिहून ठेवले? लोणारच्या गाळाने ठेवले.

संभाजीनगराहून जालन्यामार्गे पूर्वेला गेले की बुलढाणा जिल्ह्यात हे खारे सरोवर लागते. अवकाशातला पाषाण आदळून काळ्या कातळात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ओढे आणि झरे आत येतात. पाण्याला बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. शिक्षकांनी ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवून मुलांना हेच दाखवावे. जून २०२० मध्ये पाणी घटले, खारटपणा वाढला, आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी सरोवर गुलाबी झाले.

ओढ्यांचा गाळ तळाशी थरावर थर बसतो. भारतीय व जर्मन संशोधकांनी नळ्या खुपसून सुमारे १० मीटर गाळ वर काढला. त्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांतील किरणोत्सर्गी कर्ब मोजला की थराचे वय कळते. काही थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक निघाले. पाणी फार आटून अतिखारट झाल्यावाचून ते बनत नाहीत. लडाखात साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो कार या खाऱ्या सरोवराचा गाळही असाच वाचला गेला आहे.

लोणारविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दोन काळ दीर्घ अवर्षणाचे होते. पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. याचा अर्थ दरसाल पाऊस दडी मारून बसला असा नव्हे. एकंदर मान उणे होते.

आता दुसऱ्या काळाकडे नीट पाहा. त्याच काळात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, देवगिरीला यादवांची राजधानी नांदली. उण्या पावसातही माणसे टिकली, कारण त्यांनी पाणी धरून ठेवले. मराठवाड्यातल्या जुन्या बारवा त्याची साक्ष देतात.

तेव्हा १९७२ हीच दुष्काळाची परिसीमा समजू नका. त्याहून कितीतरी लांबलेली कोरड या भूमीने सोसली आहे. गावच्या तळ्याचा आणि विहिरीचा हिशेब भरल्या सालावर नको, उण्या सालावर बांधा.